दाबा, धरा, सोडा

आमचे साडू गाडी चालवताना इतिहास सांगतात. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालं आणि डावीकडे पन्हाळ्याचा डोंगर दिसला, की यांचा सिद्दी जौहर वेढा घालून बसलाच म्हणून समजा. बांबवड्यापर्यंत वेढा, मलकापूरपर्यंत पालखी, आणि आंब्याच्या आसपास घोडखिंडीत बाजीप्रभू. १६६० सालची ती रात्र मी या गाडीच्या मागच्या सीटवर इतक्यांदा जागून काढली आहे, की मावळ्यांना निदान एकदाच चालावं लागलं याचा मला हेवा वाटतो.

यंदा मलकापुरात चहा घेऊन निघताना साडूंनी रिव्हर्स टाकला आणि गिअरबॉक्समधून 'कर्रर्र' आलं. पुढच्या सीटवरच्या सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांना गाडी लागते, म्हणून पुढची सीट कायमची त्यांची. साडू म्हणाले, "थंड आहे, गरम झाली की पडेल." गाडी गरम झाली, सासूबाईही झाल्या, गिअर काही पडेना. आंबा गाव मागे पडलं, घाटाची उतरण सुरू व्हायची, आणि नेमकं तिथे क्लचचं पेडल खाली गेलं ते वर येईचना. साडूंनी बुटाच्या टोकाने ते उचलून वर आणलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. मग कशीबशी गाडी कडेला लागली.

"क्लच प्लेट जळाली," साडूंनी निकाल दिला. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या निकालावर अपील नसतं. पण प्लेट जळाली की उलटं होतं. इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकत नाही. इथे इंजिन बंद असताना सगळे गिअर मुकाट पडत होते, सुरू केलं की एकही नाही. म्हणजे प्लेट पकडत होती झकास, सोडत नव्हती. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने मला कोपराने ढोसलं. साडूंपुढे मी बोलू नये, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

इतक्यात मागून येणारं वडाप थांबलं. वडाप थांबलं म्हणजे आतले सगळे उतरणार. त्यांत एक कोंबडीवाल्या मावशी होत्या, त्या थेट बॉनेटपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालंय पाव्हणं?" वडापवाल्याने विचारलं. साडूंनी प्लेटीचा निकाल वाचून दाखवला. त्याने ऐकला न ऐकला, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीवर बोट ठेवलं. "तेल कुटं हाय ह्यात? क्लचला बी हितनंच जातंय."

"म्हणजे ब्रेकपण गेले?" मेव्हणी किंचाळली.

"न्हाई ताई. क्लचची नळी बाटलीत वर असत्या, ब्रेकचं तेल खाली ऱ्हातंय. म्हणून आदी क्लच मरतोय." गाड्या बनवणाऱ्यांनी इतका पुढचा विचार केलेला पाहून मला भरून आलं. तरी त्याने ब्रेकचं पेडल स्वतः दाबून बघितलं. ते टणक होतं.

तेल संपलं म्हणून नुसतं ओतायचं नाही, गेलं कुठे ते आधी बघायचं, अशी त्याची शिस्त होती. सासूबाईंनी पिशवीतून खोबरेल काढून पुढे केलं, तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. "आजी, रबराचं वायसर फुगून बसत्यालं!" मग तो पालथा होऊन खाली गेला. गिअरबॉक्सच्या अंगाला लागलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण त्याने नखाने उचकटलं, आत बोट घातलं. बोट कोरडं. नळीवरून फडकं फिरवलं, तेही कोरडं. "काही गाड्यांत ह्यो शिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात असतोय. तिथं गळाला की आख्खा गिअरबॉक्स खाली. तुमचं नशीब भायेर हाय."

मग त्याने ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली आणि मोबाइलची बॅटरी वर मारली. पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरच्या दांड्याला एक पिवळट थेंब लोंबत होता. तो लांबला, सुटला, पेडलच्या दांडीवरून घरंगळत खाली आला आणि रबरी पॅडच्या कडेला थांबला. दांडीवरचा रंग तेवढ्या पट्ट्यात पोपडे धरून सुटला होता. आतलं वॉशर कापलं गेलं होतं. दर दाबाला थोडं तेल मागून बाहेर, असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे.

"मोजा ओला वाटत होता मला," साडू म्हणाले. "मी समजलो, एसीचं पाणी." एसीचं पाणी ड्रायव्हरच्या डाव्या पायावरच कसं पडेल, हा प्रश्न मी गिळला. नियम तो नियम.

वडापात डॉट थ्रीचा डबा होता. बाटली भरली, पण नळीत हवा शिरलेली, ती काढल्याशिवाय पेडल उठणार नव्हतं. साडूंना सीटवर बसवलं. वडापवाला पाना घेऊन निपलपाशी आडवा झाला. बाटलीचं तेल उतरू द्यायचं नाही, हे काम माझ्याकडे आलं.

"दाबा, दाबा, दाबा... धरा! धरा पाव्हणं!" त्याने निपल सैल केलं, फसफसून बुडबुडे आले. "सोडू नगासा!" निपल आवळलं. "आता सोडा." साडू नेमके 'धरा'ला सोडायचे, की बाहेर काढलेली हवा परत आत. वडापातल्या पोरांनी एका सुरात "धरा! धरा!" सुरू केलं. ज्या खिंडीची महती साडूंनी आम्हाला जन्मभर सांगितली, ती तिथून जवळच. पण एक पेडल काही त्यांच्याच्याने धरवेना. शेवटी कोंबडीवाल्या मावशींनी कोंबड्या माझ्या बायकोकडे दिल्या, साडूंना उठवलं आणि स्वतः बसल्या. तोफा होईपर्यंत सोडणार नाही, असा त्यांचा चेहरा होता. पेडल बघता बघता टणक झालं.

थोडं तेल माझ्या हातून मडगार्डवर सांडलं, त्यावर सासूबाईंनी पाण्याची आख्खी बाटली रिकामी केली. ते बरंच झालं. हे तेल रंग खातं आणि पाण्याने धुऊन जातं.

वॉशर तसंच असल्याने क्लच साखरप्यापर्यंत पुरेल इतपतच होता. साडू सेकंडमध्ये एकटेच उतरले, आम्ही वडापातून मागे. साखरप्याच्या गॅरेजातला मिस्त्री बाहेर आला, त्याने गाडीकडे बघितलंच नाही. साडूंच्या डाव्या मोज्याकडे बघून म्हणाला, "मास्टर गेला."

किट रत्नागिरीहून एसटीने यायचं होतं. साडू थांबले, आम्ही त्याच वडापाने पुढे निघालो. एअर काढल्याचे पैसे वडापवाल्याने घेतले नाहीत, तेलाचेही नाहीत. सीटचं भाडं मात्र प्रत्येकाचं घेतलं, आंब्यापासूनचं. सासूबाई म्हणाल्या, आम्हाला तर अर्धं तिकीट असतं.

"ते एसटीत, आजी," तो म्हणाला, आणि सुट्टे परत दिले.