मी म्हणजे नेमका कोण?

आंतरराष्ट्रीय बैठकांत दुभाष्यासाठी एक नियम फार कडक असतो. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘हे असं म्हणतायत’ अशी शेपटी लावायची नाही. हा नियम मी पुस्तकात वाचला होता. नांदेडला इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला पुस्तकातलं काही वापरायची संधी सहसा मिळत नाही. मला मिळाली, किल्लारीच्या बाजूला.

३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाची रात्र सरता सरता, लातूर-उस्मानाबादची किल्लारीसारखी गावं भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावं वसू लागली. ती बघायला परदेशी पाहुणे येत. अशाच एका शिष्टमंडळासाठी लातूरच्या ओळखीच्यांनी माझं नाव सुचवलं. आदल्या रात्री मला झोप कसली! १६७४ साली रायगडावर इंग्रज वकील ऑक्झिंडेनसाठी दुभाष्याचं काम करणारे नारायण शेणवी आणि त्यानंतर थेट मी, अशी परंपरा मी मनातल्या मनात जुळवत होतो.

पारावर बैठक भरली. एक म्हातारबा उठले. “मला अडीचशे चौरस फुटाचं घर दिलंत. त्यात मी, म्हातारी, ल्योक, सून आन् चार नातवंडं. म्हैस कुठं बांधू?”

मी नियमानुसार, आवाजात कंप आणून, इंग्रजीत सांगितलं, “माझं घर अडीचशे चौरस फुटांचं. मला चार नातवंडं आहेत.” प्रमुख पाहुणे माझ्या काळ्याभोर केसांकडं बघतच राहिले. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी म्हशीची प्रकृती विचारली. ती मलाच ठाऊक नव्हती.

आता पाहुणे बोलले. मी मराठीत गरजलो, “माझ्या गावात सहा महिने बर्फ असतो. लहानपणी मी दारातला बर्फ फावड्यानं उपसायचो.”

पार गप्प झाला. मग मागून आवाज आला, “मास्तर, तुमी नांदेडचे न्हाई का?”

“नांदेडात कुठं पडतो हो बर्फ?”

“रसवंतीत!”

न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४५ पासून चार भाषांचे दुभाषे काचेआड बसून बोलत. थकले की त्यांच्या जागी दुसरी तुकडी येई. मला बदली म्हणून ग्रामसेवक होता आणि त्याचं इंग्रजी ‘यस सर’पाशी संपत होतं. त्यामुळं सबंध दुपार मी एका वाक्याला बेघर आणि दुसऱ्या वाक्याला परदेशी असा येरझारा घालत राहिलो. एक आजी तर मलाच दटावून गेल्या, “एवढ्या लांबून आलास, तर रस्त्याचं तेवढं बघ बाबा.” नियम मात्र मी मोडला नाही.

निरोपाच्या वेळी पाहुण्यांचा गळा दाटून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बोलले. मी ताठ उभा राहून खणखणीत मराठीत सांगितलं, “मी या शूर गृहस्थांचे मनापासून आभार मानतो. यांचं घर पडलं, तरी हे दिवसभर माझ्यासाठी राबले.”

“कुनाचे आभार?” म्हातारबांनी विचारलं.

मी छातीवर हात ठेवला. “यांचे.”

भर सभेत स्वतःचेच आभार मानणारा माणूस गावानं त्याआधी फक्त निवडणुकीत पाहिला होता.