रिमोट, क्लच आणि बिबडे

आमच्या साडूंचं एक ठाम मत आहे: जे मळ्यात चालतं, ते अंगणात चाललंच पाहिजे. त्यांच्या बामणोद शिवारातल्या केळीची मोटार मोबाईलवर चालू होते. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड आहे. फैजपुरात ताटावर बसल्या बसल्या नंबर लावायचा, की पलीकडून एक बाई अतिशय शुद्ध मराठीत सांगते, ‘मोटार चालू झाली आहे.’ रात्रीच्या लाईटीला, बिबट्याची धास्ती घेऊन, हातात बॅटरी धरून ज्यांनी बांध तुडवले, त्यांच्यासमोर या बाईची थट्टा करू नये.

तर असा हा माणूस मे महिन्यात एका लग्नाहून निघाला. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात तेव्हा पारा 45 च्या पुढे असतो आणि लग्नाच्या तिथीही नेमक्या तेव्हाच असतात. गाडी मंडपाबाहेर उन्हात तापलेली. आहेरात मिळालेल्या टॉवेलने स्टेअरिंग धरून साडू घरापर्यंत आले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, “गाडीले रिमोट बसवतो भो. जेवून हात धुतले का बटन दाबायचं, येईपर्यंत एसीनं गार.”

ही सोय मुळात कॅनडासारख्या बर्फाळ मुलखातली. तिकडे लोक घरात कॉफी पीत गाडी गरम करतात. आपण ती गार करायला बसवायची, एवढाच फरक. पण कंपन्या ही सोय बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना देतात, आणि साडूंची गाडी हाताने गिअर टाकायची. ऑटोमॅटिकला ‘पार्क’ असतं. तिथे दांडा असल्याशिवाय रिमोटचं कोणी ऐकत नाही. साध्या गाडीत मात्र दांडा न्यूट्रलला आहे की पहिल्यात, हे गाडीला बहुधा ठाऊकच नसतं. म्हणून नव्या गाड्यांत क्लचच्या पेडलला स्विच असतो: क्लच दाबा, मगच स्टार्टर फिरेल. आता घरात बसलेला माणूस क्लच कसा दाबणार?

जळगावच्या एका दुकानातल्या पोराने हा प्रश्न दोन वायरी एकमेकींना जोडून सोडवला. क्लच कायम दाबलेलाच आहे, अशी गाडीची समजूत करून दिली. गाडीतलं चोरीविरोधी यंत्र चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू देत नाही. तर दुसरी चावी डॅशबोर्डच्या आत कायमची दडवली. म्हणजे चोराची अर्धी मेहनत आपणच करून ठेवली. निघताना पोरगा म्हणाला, “काका, गाडी न्यूट्रलमधीच लावा हां.” साडूंनी मान डोलावली. खान्देशात मान डोलावणे हे चहा संपल्याचं लक्षण असतं.

इथे खरी अडचण यंत्राची नव्हती, संस्कारांची होती. आमच्याकडे हँडब्रेकवर कोणाचा विश्वास नाही. पावसाळ्यात तो धरून बसतो, उन्हाळ्यात सुटतो, अशी त्याची कीर्ती. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरायचं, हे ड्रायव्हिंग शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो. फैजपूर हातासारखं सपाट असलं तरी गाडी सातपुड्याच्या घाटात लावल्यागत गिअरमध्येच लावायची. मेव्हणीने बाजारातून येऊन तशीच लावली.

दुसऱ्या दिवशी आम्हा पाहुण्यांना अंगणात उभं करून साडूंनी ओट्यावरून बटण दाबलं. समोर खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत होते. गाडीने एक उडी मारली, मग दुसरी, आणि खाटेचा पाय मोडून बिबड्यांवर नाक टेकवून बंद पडली. सगळ्यात आधी ओरडली ती मेव्हणी, आणि तीही गाडीसाठी नव्हे.

सासरे सावलीत बसून सगळं पाहत होते. म्हणाले, “1936 साली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. बैल जिभेच्या एका टकटकीवर चालू व्हायचे. आन् त्यायले कोनी गिअरमधी विसरत नव्हतं.” ऐकीव माहिती असली तरी सासऱ्यांना ऐन वेळी आठवते. मला मात्र हँडल मारायच्या गाड्या आठवल्या. 1912 साली कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा विजेचा स्टार्टर येण्याआधी गाडीपुढे उभं राहून हँडल फिरवावं लागे. तो माणूस आधी गिअर नक्की तपासत असणार, कारण चुकलं तर गाडी त्याच्याच अंगावर यायची. आता ती बिबड्यांवर जाते.

मग दुकानातल्या त्या पोराने नीट पद्धत बसवून दिली. उतरताना इंजिन चालू ठेवायचं, दांडा न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. बाहेर येऊन सगळी दारं लावली, की गाडी आपोआप बंद होते. इंजिन चालू असताना माणूस उतरला, म्हणजे गिअर पडलेला नव्हता, एवढं यंत्राला कळतं. मात्र नंतर एकदा जरी दार उघडलं, तर सगळं रद्द. मधे कोणी दांडा हलवला असेल, असा त्याला संशय येतो.

यंत्र बरोबर आहे. पण आमच्या घरात गाडीचं दार एकदाच लावलं, असं कधी झालंय? कोणाची पिशवी राहते, कोणाचा चष्मा, केळीचा फणा तर नेहमीच.

त्यातून एखाद्या दिवशी सगळं जुळलं आणि गाडी सुरळीत चालू झाली, तर गाव आहे. रिकामी गाडी घुरघुरताना पाहून रस्त्यावरचा माणूस ओट्यापर्यंत येतो. “भाऊ, गाडी चालू राह्यली तुमची!” त्याला समजावून चहा पाजेपर्यंत दुसरा येतो. एकाने तर परोपकाराने दार उघडून पाहिलं, आणि गाडी लगेच बंद पडली. “मी बंद केली बरं का,” म्हणाला आणि धन्यवादासाठी थांबला.

साडू मात्र खचलेले नाहीत. परवा फोन आला: रिमोटची रेंज कमी पडते, मोटारीसारखं सिमकार्ड टाकायचं चाललंय.

“मंग पुण्याहून बी चालू होईल भो.”

“अहो, पण तुम्ही पुण्यात असताना इथे गार गाडीत बसणार कोण?”

“तुम्ही येताच ना सुट्टीत,” ते म्हणाले. “आन् तुमच्या मेव्हणीले सांगून ठेवा, खाट जरा बाजूला टाकत जाय म्हना.”