इंजिनले हिव भरते

काकाजींचा ट्रॅक्टर बंद पडत नाही, सुरू होत नाही. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे, असं काकाजी छातीठोकपणे सांगतात. बंद पडणं हा गाडीचा दोष, सुरू न होणं हा हवेचा. आणि हवा काही त्यांनी शोरूममधून विकत आणलेली नाही.

असे काकाजी दारव्ह्यापासून झरी जामणीपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात भेटतात. साठी कधीच उलटलेली, मफलर कानांवरून घट्ट बांधलेला, बंडीच्या खिशात बारा-तेराचा पाना आणि दारात जुनी मॅसी. मॅसी म्हणजे मॅसी फर्ग्युसन १०३५, मद्रासच्या टॅफे कंपनीची, आत तीन सिलिंडरचं सिम्पसनचं इंजिन. तिचा रंग मूळचा लाल होता, हे काकाजी सांगतात म्हणून मानायचं. तास दाखवणारं मीटर केव्हाचं थांबलंय. "तास मोजाचे कायले? आपलीच गाडी हाय न." शेजारी नवा महिंद्रा आला, समोरच्या घरी स्वराज आला, दोन्ही किल्ली फिरवली की सुरू होतात. काकाजींना त्याचं काडीचं कौतुक नाही. "किल्ली तं कोनीबी फिरवते," म्हणतात आणि तपकीर ओढतात.

विदर्भाचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला आधी घाम फुटतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो हे खरंच. पण डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र झालं, उत्तरेचा वारा सुटला की हाच पारा दहाच्या खाली घसरतो. त्यात यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. रात्रीच्या लायनीवर हरभऱ्याला ओलित करायला जो गेलाय, त्याला इथली थंडी समजावून सांगावी लागत नाही. काकाजींना तर ती पाठ आहे. सकाळी शेकोटीशी बसलेल्या माणसांना ते आजची थंडी सांगतात, ती अंशांत नाही, सेल्फात. "आज चार सेलफची थंडी हाय." म्हणजे स्टार्टर चार वेळा मारल्यावर इंजिननं पहिली उचकी दिली. सहा सेल्फची थंडी पडली की गावात म्हातारी माणसं जपायला लागतात.

आता थोडं काकाजींच्या बाजूनं बोललं पाहिजे. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबायची; दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रात्रभर गारठलेलं बीड यातली बरीच उष्णता स्वतःच गिळतं. इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं, त्यामुळे फिरवायला जोर जास्त लागतो. आणि गारठ्यानं बॅटरीतली क्रिया मंदावते, म्हणजे नेमका त्याच वेळी जोर कमी मिळतो. हे सगळं शास्त्राला धरून आहे. फक्त एक गोष्ट काकाजी सांगत नाहीत. आठ-दहा अंश ही इंजिनाच्या हिशेबात थंडीच नव्हे. रिंगा झिजलेल्या असल्या, की दाबलेली हवा बाजूनं निसटते. नोझल खराब असलं, की डिझेल फवाऱ्याऐवजी थेंबांनी पडतं. तेव्हा मॅसीला थंडी बाधत नाही, म्हातारपण बाधतं. हे काकाजींच्या तोंडावर सांगायची छाती गावात एकाचीही नाही. मेकॅनिक एकदा "रिंगा..." एवढंच बोलला होता, त्या वर्षी त्याला काकाजींच्या घरचा हुरडा मिळाला नाही.

बरं, कारखान्यानं सोय केलेली नव्हती असंही नाही. या घराण्यातल्या इंजिनांना हवा आत जाण्याच्या वाटेवर एक हीटर बसवलेला असतो. किल्ली थोडा वेळ हीटच्या खुणेवर धरायची, आतली तार लाल होते, तिच्यावर पडलेलं डिझेल पेटतं आणि इंजिनात गरम हवा जाते. मॅसीवर तो हीटर अजून आहे. त्याची वायर तेवढी एका लग्नसराईत टेप वाजवायला जोडली, ती तिथंच राहिली. टेप गेला, वायर त्याच्या आठवणीत लोंबते आहे.

त्यामुळे सगळी मदार जपणुकीवर. दिवस मावळला की काकाजी रेडिएटरसमोर पोतं बांधतात. नाकाडावर जुनी सतरंजी येते. सायलेन्सरच्या नळीवर वनस्पती तुपाचा रिकामा डबा पालथा पडतो, दव आत जाऊ नये म्हणून. मग बारा-तेराचा पाना बाहेर येतो आणि बॅटरी सुटते. ती घरात येते. काकाजींच्या खाटेशेजारी पाटावर तिची जागा ठरलेली आहे. पाहुणे आले तर ते ओसरीवर झोपतात. पहिल्या हिवाळ्यात काकीनं विचारलं होतं, "काऊन जी, तिले गोधडीबी देऊ का?" यात टोमणा आहे हे काकाजींच्या ध्यानात आलं नाही. "देजो," म्हणाले, "पन जुनी दे. तेजाबानं जळते."

पहाटे चारला बंब पेटतो. ते पाणी घरातल्या कुणाच्याही आंघोळीचं नसतं. बादली भरली की काकाजी बाही वर सारतात आणि बाळाच्या पाण्यात बघावं तसं कोपर बुडवून बघतात. चटका बसला तर गार पाणी मिसळतात, पुन्हा कोपर. हा भाग मी जवळून पाहिला आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही: गारठलेल्या इंजिनात उकळतं पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. मग खालची तोटी सोडून रेडिएटरमधलं गार पाणी काढायचं, वरून कोमट घालायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि त्या पाच मिनिटांत कुणी बोलायचं नाही.

तरीही नाही झाली सुरू, तर अघोरी उपाय. एअर क्लीनरची नळी काढून तिथं डिझेलचा पेटता बोळा धरायचा. अंगणात तुरीचं कुटार रचलेलं असल्यामुळे या वेळी सून पाण्याची कळशी घेऊन दारात उभी असते. नातवानं एकदा तालुक्याहून ईथरचा स्प्रे आणला होता. काकाजींनी तो हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला. "दारू हाय हे. एक डाव पाजली का रोज मांगते." ईथरच्या भडक्यानं रिंगा आणि पिस्टन खरोखर फुटू शकतात, आणि हीटर चालू असताना मारला तर स्फोटच, तेव्हा काकाजी बोलले ते चुकीच्या कारणानं, पण बरोबर बोलले.

मॅसीचा मुक्काम दारापुढच्याच चढावर असतो, तेही याचसाठी. मागच्या चाकाला दगड. दगड काढला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, की निम्मं काम उतार करतो. उरलेलं निम्मं गावातली पोट्टी करतात. हिवाळ्यात शाळेला उशीर झाला की "काकाजीची मॅसी ढकलत होतो" हे कारण मास्तर मान्य करतात, कारण कधीकधी मास्तरही ढकलत असतात.

सुरू झाल्यावर मात्र काकाजींचं वागणं नमुनेदार. रेस द्यायची नाही, लगेच नांगर जोडायचा नाही. ऑइल वरपर्यंत पोचेतो ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहतात. शेजारचा पोरगा महिंद्रा सुरू करताच गुरगुरवतो, तेव्हा काकाजींचा चेहरा दुखावतो. मॅसी इतकी वर्षं जगली ती माझ्या मते या तळहातामुळे, बॅटरीच्या गोधडीमुळे नव्हे. पण एकदा सुरू झालेली गाडी बंद करायची त्यांची हिंमत होत नाही. पांढरकवड्याच्या जिनिंगपुढे कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, रात्र रात्र जाते. सगळ्यांची इंजिनं बंद, काकाजींची धकधक चालू. गार इंजिन असं नुसतं चालत ठेवलं की डिझेल पुरतं जळत नाही, नळीतून काळं ओघळतं, ऑइलमध्ये उतरतं. सकाळी मागच्या ट्रॉलीवाल्याच्या कापसाची प्रत धुरानं एका ग्रेडनं उतरलेली असते, असं तो म्हणतो.

यंदा मुलानं न विचारता नवी बॅटरी बसवली, नोझलं दुरुस्त करून आणली, हीटरची वायर जागेवर जोडली. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ली हीटवर धरली, मोजून वीस आकडे म्हटले आणि फिरवली. एकाच सेल्फात मॅसी सुरू. काकाजी बंबाजवळून बादली घेऊन येत होते. ते अंगणाच्या मधोमध थांबले. थोडा वेळ आवाज ऐकला. मग पुढे झाले, स्टॉपचा नॉब ओढला आणि गाडी बंद केली.

"बाबा, काऊन बंद केली जी?"

"गार पान्यावर चालू करते काय कोनी?"

त्यांनी रेडिएटरची तोटी सोडली, गार पाणी काढलं, कोपर बुडवून पाहिलेलं कोमट पाणी शांतपणे आत घातलं. पाच मिनिटं थांबले. मुलगाही सवयीनं गप्प राहिला. मग काकाजी सीटवर चढले, मफलर नीट केला आणि किल्ली फिरवली. मॅसी तात्काळ सुरू झाली.

"पाह्यलं?" काकाजी वरून ओरडले. "कोमट पान्याचा गुन हाय हा!"