शंका आणि शिरा

१८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक चहापान झालं. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. कोणी चहा प्यायला, कोणी नुसताच कप हातात घेतला. पण गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रीतसर चौकशी झाली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं. एका कपाला एवढी किंमत पुण्यातल्या हॉटेलांनीसुद्धा कधी लावली नाही.

त्या मानाने माझी श्रद्धा स्वस्तात गेली. निमित्त झाला सत्यनारायण. आमच्याकडे श्रावणात पूजा असे. सव्वाच्या मापाचा शिरा, त्यात केळं, वर तुळशीचं पान. माझे डोळे पातेल्यावर आणि कान पोथीवर. साधुवाणी व्रत लांबणीवर टाकतो नि तुरुंगात जातो. खोटं बोलतो, तर नावेतल्या धनाचा पालापाचोळा होतो. कलावती प्रसाद न घेता धावते, नवरा नावेसकट गडप. देवाचा हा कारभार मला तालुक्याच्या कचेरीसारखा वाटे: एक कागद राहिला की प्रकरण परत! पाचवा अध्याय संपल्यावर मी विचारलं, "गुरुजी, ही सगळी माणसं जी कथा ऐकत होती, ती कुठली? आपण तर त्यांचीच ऐकली."

गुरुजींनी आधी वडिलांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना अजून दोन घरं करायची होती. "पोथीला शंका विचारू नये, बाळ," म्हणाले आणि माझ्या हातावर शिरा ठेवला. शिरा फर्मास होता.

देवावर माझा राग तेव्हाही नव्हता. खटकलं ते 'विचारू नये' एवढंच. आणि विचारायची खोड एकदा लागली की ती पोथीपुरती राहत नाही. मुख्याध्यापक, डॉक्टर, कचेरीतले साहेब, सगळ्यांच्या वाट्याला येते. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा मीही चमचा घेऊन रांगेत उभा होतो. चमचा सोंडेला टेकवला, दूध भराभर कमी झालं. आणि सोंडेवरून पोटावर, पोटावरून ताम्हनात एक पातळ ओघळ उतरला. ही पृष्ठताणाची करामत, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. मी मागच्या काकूंना ओघळ दाखवला. त्या म्हणाल्या, "खाली कशाला बघतोस? वर बघ."

वर बघायला सांगणारे सगळेच काही सोवळ्यात नसतात. पुढे मी विवेकवाद्यांच्या सभांना जाऊ लागलो. तिथल्या एका मोठ्या वक्त्यांचं भाषण संपल्यावर हात वर केला आणि एक साधी शंका काढली. त्यांनी आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वेळ कमी आहे," म्हणाले.

तिथे शिराही नव्हता.