मिक्सर उठेना

"मिक्सर चालू होत नाहीये रे," हे वाक्य मी गॅलरीत उभा राहून फोनवर जरा मोठ्याने बोललो, तिथेच चुकलं. वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. पाच मिनिटांत त्या दारात हजर.

"खाली लाल बटण असतं बघ, ते दाब. वाटण जास्त भरलं होतंस का?"

"काकू, तो मिक्सर नाही. हा आवाजाचा मिक्सर."

"आवाज काय, आमचाही करतो. कपलर गेला असेल. तुळशीबागेत मिळतो."

काकूंना दोष देत नाही. मराठीत मिक्सर म्हटला की आधी खोबरंच आठवतं. माझा मिक्सर मात्र जेवणाच्या टेबलावर आडवा पसरला होता: सोळा चॅनल, एक मास्टर, मिळून सतरा फेडर (म्हणजे आवाज वर-खाली करायच्या सरकत्या पट्ट्या), पंधरा-सोळा किलो वजन आणि मधोमध कॅल्क्युलेटरच्या मोठ्या भावासारखा एक पडदा. आम्ही तीन दिवस सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवत होतो. बायकोने त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी काही साउंडवाला नाही. बँकेत होतो. पण हौशी नाटकांना ध्वनी देण्याचा नाद कॉलेजपासून लागला, आणि हा डिजिटल डेस्क 2009 साली एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून सेकंडहँड घेतला. त्याची मुलगी लग्नाची होती आणि माझा बोनस हातात होता. असे डेस्क 1990 नंतर जरा आवाक्यात यायला लागले तेव्हा आम्हा हौशी लोकांना त्यांचं एकच कौतुक होतं: त्यांना आठवण असते. पूर्वी नाटकाच्या प्रत्येक प्रवेशाला पट्ट्या कुठे होत्या ते वहीत लिहायचं आणि अंधारात, बॅटरी दातात धरून, वाचायचं. इथे एक बटण दाबलं की सतराच्या सतरा फेडर आपल्या पायांनी चालत जागेवर जातात, आत मोटर असते प्रत्येकाला. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या आईने देवासमोरची वात सारखी केली होती.

अशा नव्व्याण्णव मांडण्या, म्हणजे सीन, त्यात साठवता येतात. माझे एक्क्याऐंशी भरलेले होते. भरत नाट्य मंदिरातल्या एका स्पर्धेत आमच्या नायकाला वेळेवर खोकला येत नसे, म्हणून तो रेकॉर्ड करून वाजवायचो, आणि त्याच्या पट्ट्या सीन 23 मध्ये ठेवल्या होत्या. शिवाय दोन प्रकारचे पाऊस, एक कुत्रा, सिंहगड एक्सप्रेस आणि सोसायटीचे दहा गणपती. चॅनलला नाव देता येतं, पण रोमन लिपीतल्या चारच अक्षरांत. इंग्रजी नावं त्यात कोंबता कोंबता जीव जातो. आपली 'पेटी' मात्र बरोब्बर चार अक्षरांत बसते. त्यामुळे माझा सगळा डेस्क मराठीत बोलायचा.

तर हा डेस्क सप्टेंबरात गणपती झाल्यावर माळ्यावर चढवला, तो जानेवारीत खाली काढला. 26 तारखेला सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी कराओके. स्विच टाकला. सगळे दिवे एकदा लुकलुकले, पडदा निळा झाला, निळाच राहिला, मग तोही विझला. आतून आवाज आला: टिक. थांबला. टिक. थांबला. टिक. एखादा म्हातारा खुर्चीतून उठताना तीनदा रेटा देतो आणि मग "राहू दे" म्हणून टेकतो, अगदी तसा.

लगेच सल्ले सुरू झाले. भावाने फोनवर सांगितलं, "बंद करून चालू कर." केलं होतं, चाळीस वेळा. नाटकातल्या एका मित्राने सांगितलं की एक ठरावीक बटण दाबून धरायचं आणि मग पॉवर टाकायची, डेस्क फॅक्टरीतून आला तसा कोरा होतो. म्हणजे खोकला, कुत्रा, दोन्ही पाऊस, सगळं साफ. "बॅकअप असेलच ना तुझ्याकडे?" त्याने विचारलं. होता. 2013 साली मिडीची केबल लावून सगळी मेमरी मी रीतसर संगणकावर उतरवली होती. तो संगणक बायकोने 2017 साली रद्दीवाल्याला दिला. त्या बदल्यात मिळालेली प्लॅस्टिकची बादली अजून आहे.

त्यात ही आठवण टिकते कशावर, तर रुपयाच्या नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलवर. सेल काढला की मेमरी गेली, आणि नाही काढला तर सेल आपणहून जाणार तेव्हा जाणारच. कुणी म्हणालं सेल बदल, कुणी म्हणालं हात लावू नकोस. मी हात लावला नाही. माझ्या स्वभावात एवढा एकच गुण डॉक्टरांच्या कामाचा आहे.

शेवटी डेस्क रिक्षात घालून तपकीर गल्लीत नेला. बुधवार पेठेतल्या या गल्लीत तपकीर सोडून विजेचं सगळं मिळतं. तिथे एका माडीवर एक गृहस्थ जुने अँप्लिफायर दुरुस्त करतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी काहीही विचारायच्या आधी डेस्कची पिन एका लाकडी पाटाला लावली. पाटावर शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. मेन लाइन या बल्बमधून येते. बल्ब भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटून मंद झाला तर शॉर्ट नाही. मंद झाला.

"माणूस जिवंत आहे," मास्तर म्हणाले.

मग झाकण उघडलं. आत काय नव्हतं! चार महिन्यांची धूळ, गणपतीतला गुलाल, एक अक्षता. मी बोट घालून पॉवर सप्लायमधलं एक जाडजूड नळकांडं दाखवायला गेलो, तर मास्तरांनी हातावर चापट मारली. बाहेर 230 व्होल्ट असले तरी आत डीसी झाल्यावर त्या नळकांड्यात सव्वातीनशे व्होल्ट साचतात, आणि पिन काढल्यावरही काही वेळ ते तिथे दबा धरून बसतात.

"हा फुगलाय का?" मी लांबूनच विचारलं. एवढं मला माहीत होतं. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या संगणकांत कंडेन्सर फुगून फुटले होते, आमच्या शाखेतले चार संगणक त्यातच गेले.

"हे कंडेन्सर मोठे असतात, यांना सगळे बघतात. घरातला करता माणूस आजारी पडला की सगळे धावतात ना, तसं. गोची करतो तो वेगळाच." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मीटर लावलं. पाच व्होल्ट यायला हवेत तिथे काटा दोनपर्यंत चढायचा, कधी तीन, आणि धपकन शून्य. टिक. "तुमच्याकडे केस वाळवायचं मशीन आहे?"

माझ्या डोक्याकडे बघून हा प्रश्न विचारण्याचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही. पण मुलीकडे आहे. मास्तरांकडचं कुणीतरी नेलं होतं, म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं: पंख्यासारखं लांबून धरा, अमुक कोपऱ्यात तीन मिनिटं वारा घाला, आत काहीही शिवू नका, मग स्विच टाका.

यात जादू नाही. या कंडेन्सरमध्ये एक द्रव असतो. वर छापलेलं असतं: 105 अंश, दोन हजार तास. त्यापेक्षा दहा अंश कमी तापमानात ठेवलं की आयुष्य दुप्पट, आणखी दहा कमी की चौपट. हिशेबाने 65 अंशांवर बत्तीस हजार तास निघतात. पण वीस वर्षांत द्रव सुकत जातो, आणि सुकलेला कंडेन्सर थंडीत आखडतो. पुण्यात त्या आठवड्यात पहाटे दहा-बारा अंश होते. माझेही गुडघे सकाळी गरम पाण्याच्या पिशवीशिवाय वाकत नव्हते, त्यामुळे मला हे तत्त्व फार समजावून सांगावं लागलं नाही.

रात्री मुलीने ड्रायर धरला, मी स्विच टाकला. टिक. टिक. आणि एकदम सगळे दिवे, पडद्यावर अक्षरं, सतरा फेडर सर्रर्र करत वर निघाले! अर्ध्यात पोचले आणि डेस्क पुन्हा मेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा म्हणजे लाँग वीकेंडनंतरची मी आहे."

पण निदान झालं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चिमट्याने एक शेंगदाण्याएवढा कंडेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला. 47 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट. पॉवर सप्लायला सकाळी पहिला धक्का देऊन उठवायचं एवढंच याचं काम, आणि त्यानेच अंथरूण सोडलं नव्हतं. वरून तो चांगला गुळगुळीत होता, फुगलेला वगैरे अजिबात नाही. नवीन चार रुपयांचा. मास्तरांनी शेजारचे आणखी सहा बदलले, मेमरीला पर्यायी पुरवठा देऊन सेलही बदलला (श्वास रोखून बघत होतो), आणि सातशे रुपये घेतले. कंडेन्सरचे किती आणि कुठला बदलायचा हे कळण्याचे किती, ते मी विचारलं नाही.

इथे मला सप्टेंबरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना गाण्याचा शौक आहे. सुराशी त्यांचं शेजाऱ्यांसारखं आहे, भिंत एक पण येणं-जाणं नाही. गणपतीत ते गायला उभे राहिले तेव्हा मी एक सोय केली. डिजिटल काय, साध्या मिक्सरमध्येही ही सोय असते: चॅनलचा आवाज फेडरच्या आधीच फोडून गायकाच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरला द्यायचा आणि फेडर तळाला ठेवायचा. गायकाला स्वतःचा आवाज दणदणीत ऐकू येतो, मंडपात फक्त कराओकेचा ट्रॅक. चेअरमन चार गाणी गायले. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. सगळे सुखी होते.

25 तारखेच्या संध्याकाळी ते मिक्सर बघायलाच घरी आले. काकूही आल्या, कपलर मिळाला का म्हणून. मी स्विच टाकला. दिवे, पडदा, आणि फेडर सगळे एका रांगेत वर गेले, खाली आले, आणि मग सप्टेंबरातल्या आपापल्या जागेवर जाऊन उभे राहिले. चार महिन्यांनी, एक केसभर चूक नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सात नंबर नाही उठला," चेअरमन म्हणाले.

सातवा तळाला होता. मी काही बोलायच्या आत ते वाकले आणि पडद्यावरची चार अक्षरं बोट ठेवून वाचू लागले. "एन, ए, के, ओ. नाको." ते सरळ झाले. "नाको म्हणजे काय?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मुलगी ड्रायर घेऊन आत गेली.

"जपानी आहे," मी म्हणालो. "डेस्क जपानी आहे ना."

"गणपतीत माझा माइक यावरच होता?"

"हो."

चेअरमन क्षणभर सातव्या फेडरकडे बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग उद्याही मला नाकोवरच द्या. त्या दिवशी आवाज फार सुंदर लागला होता."