वरणगावातली बट्टी

वरणगावात राहून मांजरीचं नाव बट्टी ठेवलं, यात माझ्या कल्पनाशक्तीचं काही कौतुक नाही. उन्हात अंगाचं वेटोळं करून झोपली की ती तुपात परतून काढल्यासारखीच दिसते. नाव जेवणाचं, पोट मात्र फार नाजूक.

उमेदीची वर्षं फॅक्टरीच्या भोंग्यावर उठण्यात गेली. आता रात्री दोनला बट्टीच्या 'ह्यॉक् ह्यॉक्'वर उठतो. दिवा लावेपर्यंत तिने सतरंजी निवडलेली असते. दोन पावलांवर मोकळी फरशी असते, पण फरशीवर ओकणं तिच्या शानेला शोभत नाही. बाहेर पडते ती केसांची लांबट गुंडी. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, त्यामुळे चाटलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. उपाय एवढाच, की चाटण्याआधी तो आपण फणीने काढायचा. बट्टीला हे पटायला तीन ओरखडे लागले.

दुसरी तक्रार उलट्या बाजूची. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण माणसांसाठी असेल, पण हतनूर धरणाच्या शेजारी राहून ती खरी केली बट्टीने. पूर्वज वाळवंटी भागातले, तहान लागली तरी कबूल करायची नाही. मग शौचाला खडा होतो. जेवणाच्या ताटलीपासून लांब, पसरट भांड्यांत पाणी ठेवलं, उकडलेल्या कोंबडीचं अळणी पाणी दिलं, चमचाभर शिजवलेलं गंगाफळ कालवलं. गाडी रुळावर आली. बोका असता आणि नुसता कुंथत बसला असता, तर मात्र लघवी अडली नाही ना, हे आधी पाहावं लागलं असतं. त्यात दिवस घालवून चालत नाही.

एकदा दिवसभर खाल्लं नाही आणि ओकतच राहिली, तेव्हा केळीच्या खोक्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. खोक्याला भोकं आयतीच असतात. रांगेत पुढे वासरू, मागे दोन शेळ्या. बट्टीने सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू हे तिचे पेशंट. डॉक्टरांनी आधी विचारलं, "घरातली गोळी नाही ना दिली?" माणसाची तापाची पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकते. भरताचा घासही नको, त्यातला लसूण आणि कांद्याची पात तिचं रक्त नासवते. खानदेशात राहून भरीत वर्ज्य, याहून मोठी शिक्षा कोणती?

खरं भांडण दुधावरून. शेजारच्या काकूंना सांगितलं, की पिल्लांना दुधातली साखर पचते, मोठेपणी बहुतेक मांजरांची ती ताकद जाते आणि पोट सुटतं. काकू म्हणाल्या, "मांजरीले दूध नाही, त मंग काय चहा पाजता भाऊ?" मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरंच. डोळे उघडतात ते आमचे, दुसऱ्या दिवशी सकाळी.

शेवटी काकूंनी दूध न देण्याचं कबूल केलं. परवा संध्याकाळी बट्टी त्यांच्या भिंतीवरून मिशा चाटत उतरली. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "दूध कुठी दिलं भाऊ? साय होती थोडीशी."

मी निमूटपणे सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली.