मामाचा हट्ट, सोर्स कोडसकट

मी सेक्रेटरी असलेल्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढणारं जीपीएल परवान्याचं एक सॉफ्टवेअर भाच्याने नेटवरून उतरवलं, आमच्या मापाने बेतून दिलं, आणि मला धंदा सुचला. शेजारच्या सोसायटीला विकायचं! भाचा म्हणाला, "खुशाल विक, मामा. जीपीएलची पैशाला ना नाही. तो परवाना लिहिणारा स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स एडिटरच्या टेपा दीडशे डॉलरला विकायचा." पुढेही तो काहीतरी बोलला, पण तोवर मी भाव ठरवत होतो.

शेजारचे खजिनदार म्हणजे बँकेतले निवृत्त ऑडिटर. चेक हातात ठेवता ठेवता म्हणाले, "सोर्स कोड?"

"तो आमचा," मी बाणेदारपणे.

त्यांनी पिशवीतून परवान्याचा प्रिंटआउट काढला. हायलायटरने पिवळाजर्द. प्रोग्रॅम दिला की मागणाऱ्याला कोडही द्यायचा, त्याच परवान्याखाली. मग ते विकोत की फुकट वाटोत, मी अडवायचं नाही. आपल्यापुरता वापरला असता, तर कोणी काही मागितलं नसतं.

स्टॉलमनची गोष्ट मी चारचौघांत रंगवून सांगत असे. एमआयटीच्या लॅबमधला लेझर प्रिंटर सारखा अडकायचा. दुरुस्तीसाठी त्याने कोड मागितला, तर गोपनीयतेचा करार पुढे करून नकार मिळाला, आणि त्या संतापातून पुढे मुक्त सॉफ्टवेअरची एवढी चळवळ उभी राहिली. सांगताना मी अर्थातच स्टॉलमन असायचो. नकार देणाऱ्याचं काम माझ्या वाट्याला येईल, असं वाटलं नव्हतं.

दिला कोड. वापरा, वाचून बदला, वाटा, बदललेलं वाटा, अशी त्या चळवळीची चार स्वातंत्र्यं आहेत (मोजायची शून्यापासून!), पण एवढं वाचतंय कोण?

ऑडिटर वाचतात. थकबाकीच्या ओळीवर भाच्याची टीप होती: 'मामाचा हट्ट. दंडावरही दंड.' तेव्हाच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज, तेही फार तर वर्षाला २१ टक्के. मी चक्रवाढ लावायला सांगितलं होतं.

"परवान्यात ठळक लिहिलंय, कसलीही हमी नाही," मी शेवटचा बाण सोडला.

"हमी मागतंय कोण? दुरुस्त केलंय आम्ही."

दुरुस्त प्रत गल्लीभर फुकट वाटली गेली. आमच्याही थकबाकीदारांनी मागवली. बदल केल्याची नोंद तारखेसह करायची, हेही परवान्यातच आहे, आणि खजिनदार काटेकोर माणूस. मूळ कर्त्यांच्या नावांखाली त्यांनी टाइप केलं: 'दंडावरचा दंड काढला. शेजारच्या सेक्रेटरींना कळवले.' भाच्याची टीप ठेवायची सक्ती मात्र परवान्यात कुठेही नाही. ती त्यांनी हौसेने ठेवली.